जागेवर थरथरणारी गाडी

उझित्से शहरातल्या एका गॅरेजमध्ये मिलेना आपल्या गाडीचं चाक बदलून होण्याची वाट पाहत होती. शेजारी एका म्हाताऱ्याची जुनी गाडी जागेवरच थरथरत उभी होती. आत त्याची बायको बसली होती.

"मिस्त्री, खरं सांग," म्हातारा म्हणाला. "इंजिन गेलं ना? गावातला मिस्त्री म्हणाला, भंगारात घाला."

"काका, रस्त्यावर कशी पळते?"

"छान पळते. थांबली की मात्र खोकत खोकत बंद पडते. सोमवारी हिला डायलिसिसला आणायचंय रे. आमच्या डोंगरात बस येत नाही."

"प्लग बघितले, वायरी बघितल्या. सगळं ठीक आहे."

"आठवडाभर सांगतेय मी, फुसफुसतंय म्हणून!"

"स्तामेन्का, तू गप्प बस. तुला काय कळतं त्यातलं?"

"बोलू द्या हो काका. काकू, आवाज कुठून येतो?"

"माझ्या बाजूनं. गाडी उभी असली की जास्तच."

मिस्त्री बॉनेटखाली त्या बाजूला वाकला.

"सापडलं! हा हवेचा रबरी पाइप खालून चिरलाय. नको ती हवा इंजिनात शिरतेय. आता चिरेवर बोट दाबतो. ऐका."

थरथर थांबली. इंजिन एका लयीत चालू लागलं.

"एवढंच?"

"एवढंच, काका. वीतभर पाइप बदलायचा. इंजिन ठणठणीत आहे."

म्हाताऱ्यानं टोपी काढून तोंडावर धरली.

"रादिसाव, अरे रडतोस काय? लोक बघतायत."

मिलेनानं घाईघाईनं मान वळवली आणि भिंतीशी रचलेल्या टायरांकडे पाहत राहिली.