मिसळणाच्या डब्यातली हळद

मंडळी, ऐका! टाळ जरा खाली ठेवा. बर्णबाराव, मृदंगावरचा हात काढा. आधी एक प्रश्न, मग गाणं.

देवळात आपण एक वागतो आणि घरी आल्यावर दुसरं वागतो. खरं की नाही? माना हलवू नका, मला माहीत आहे! मग एवढंच सांगा — दोन्हींतलं नाटक कुठलं? देवळातलं, की घरातलं?

हसताय? हसा, हसा. थोड्या वेळानं बघू कोण हसतंय ते.

तर प्रवरेच्या काठाला एक गाव. नाव सांगत नाही, कारण त्या गावचे पाहुणे इथं नक्की कुणीतरी असणार! त्या गावात ओहोळांचं घर. घर कसलं, रोजची जत्राच! चार भाऊ, चार जावा, लेकरं, सुना, नातवंडं. पंगत बसली की वाढणारी माणसं कमी पडायची. पण शिस्त बघा — दिवेलागण झाली की सगळं घर चटईवर. प्रार्थना झाल्याशिवाय भाकरी मोडायची नाही. थोरले शमुवेलआप्पा देवळाचे पंच. ते प्रार्थनेला लागले की कालवण गार व्हायचं! सगळ्या जगातल्या आजाऱ्यांची, प्रवाशांची, राज्यकर्त्यांची नावं घेऊन मग भाकरीचा नंबर! लेकरं एक डोळा किलकिला करून टोपल्याकडं बघायची. असे आप्पा आपल्यातही आहेत. पुढच्या रांगेत बसलेत, नाव घेत नाही.

आप्पांचं एक वाक्य ठरलेलं होतं. पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी हे वाक्य मिळायचं. आमच्या आजोबांनी ख्रिस्त धरला, त्या दिवशी या घरातलं जुनं सगळं नदीत सोडलं! मुहूर्त सोडला, विटाळ सोडला, शुभ-अशुभ सोडलं! वा! पण मंडळी, नदीत सोडलेलं सगळंच बुडतं असं कुणी सांगितलं? काही गोष्टी तरंगतात. तरंगत तरंगत खालच्या अंगाला काठाला लागतात, आणि मग आपणच त्या गुपचूप उचलून घरी आणतो.

या घरात सगळ्यांत धाकट्या भावाची बायको तबिथा. नवऱ्याचं नाव अमोस. ट्रॅक्टर उलटून गेला बिचारा, लेक तीन महिन्यांची असताना. लेकीचं नाव शारोन. तबिथा माहेरी गेली नाही. याच घरात राहिली, याच घराची झाली. सगळ्यांच्या आधी उठायची, सगळ्यांच्या मागून जेवायची. नाताळ आला की करंज्या तिच्या हातच्या. अख्ख्या आळीत तेलात न फुटणारी करंजी फक्त तिची!

आता कुणी म्हणेल, महाराज, त्या बाईला छळत होते का? नाही हो! कुणी वाकडा शब्द बोललं नाही. हेच तर! छळ झाला असता तर चार माणसं भांडायला तरी आली असती. तिथं काय व्हायचं, सांगतो. घरात कुणाचं डोहाळजेवण असलं, बांगड्या भरायच्या असल्या, नव्या सुनेची ओटी भरायची असली, की थोरली जाऊ लेआक्का हाक मारायची. अगदी मायेनं, बरं का! "तबिथा, जरा दूध बघ गं, उतू जाईल." तबिथा आत जायची. बाहेरचं सगळं उरकेपर्यंत दुधापाशी उभी राहायची. इतकी वर्षं दूध बघितलं तिनं. एकदाही उतू गेलं नाही.

कळत होतं का तिला? अहो, दुधाला कळत होतं, तिला कळणार नाही?

कपाळाचं कुंकू आजोबांनी पुसलं म्हणे! पण सवाष्ण काही घरातून गेली नाही. गळ्यात क्रूस, ओठांवर गीत, आणि डोक्यात सवाष्ण-रांडवेचा हिशेब तसाच!

पण वर्षातला एक दिवस तबिथाचा होता. नाताळच्या संध्याकाळी देवळात नाटक व्हायचं. मेंढपाळ, तारा बघून आलेले मागी लोक, हेरोद राजा, सगळं. शेवटचा प्रवेश मंदिराचा. मरिया-योसेफ बाळ येशूला घेऊन येतात. म्हातारा शिमोन बाळाला हातांवर घेतो आणि तिथं बसलेल्या हन्नाकडं देतो. हन्ना कोण? शास्त्र आपल्याला ठाऊक आहे. विधवा! जन्म मंदिरात घालवलेली म्हातारी विधवा. शिमोनाचं काम आप्पांचं, कापसाची दाढी लावून. आणि ज्या वर्षी अमोस गेला, त्याच वर्षी आप्पांनी ठरवलं की हन्नाचं काम तबिथानं करायचं. विधवेचं काम विधवेलाच शोभतं, म्हणाले. कपडेपट करायला नको! पांढरं लुगडं अंगावर होतंच!

काय माणसं असतात, मंडळी. काय माणसं असतात!

बाळ मात्र बाहुली नाही हं. ओहोळांच्या घरची रीतच तशी. त्या वर्षी घरात जन्मलेलं लेकरू नाटकात येशू व्हायचं. त्या पहिल्या वर्षी लेकरू कोण? शारोन! बापाला पारखी झालेली पोर आप्पांनी तिच्या आईच्या ओंजळीत ठेवली आणि तबिथा पाठ केलेलं बोलणं विसरली. तिनं डोळे मिटले आणि खरीखुरी प्रार्थना केली. देवा, हिला बाप नाही, आता तूच बघ. देवळात हुंदका फुटला. लोक म्हणाले, काय काम केलं बाईनं!

तेव्हापासून दरवर्षी तेच. जावांची, पुतण्यांची, घरातली झाडून सगळी लेकरं तिच्या हातांवरून गेली. प्रत्येकासाठी ती मनातल्या मनात नाव घेऊन मागायची. वर्षभर दुधापाशी उभी राहणारी ती बाई त्या एका संध्याकाळी ताठ बसायची. तिला वाटायचं, माणसांना माझे हात नको असतील, देवाला चालतात. एवढ्यावर वर्ष काढायची हो!

हात तोच, देव तोच, मग विटाळ कुठला रे?
वेदीपाशी चालला जो, चुलीपाशी अडला रे?

वाजवा बर्णबाराव, एकदाच. हां. बास.

आता शारोनचं लग्न ठरलं. नाताळानंतर चौथ्या दिवशी हळद, पाचव्या दिवशी देवळात लग्न. सगळं घर त्या वेळी गावात असतं ना, म्हणून. आणि त्या वर्षीचं बाळ कोण? आप्पांचा पहिला नातू! नवसानं म्हणत नाही, आपल्यात नवस नाही, पण फार वाट बघून झालेला. नाटक झालं. आप्पांनी स्वतःच्या हातांनी, दाढी सावरत, स्वतःचा नातू तबिथाच्या हातांवर ठेवला. नातू झोपलेला होता. देऊळ रडलं.

नाटक झाल्यावर तबिथानं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. लेआक्काला म्हणाली, पोरीला बाप नाही, तेव्हा पहिली हळद मला लावू द्या. अक्का म्हणाली, यांना विचारते. आणि आप्पांनी निकाल दिला तो रात्रीच्या प्रार्थनेनंतर, बायबल मिटून! चांगलं पुसून, फडक्यात गुंडाळून ठेवलं आणि मग निकाल दिला. सोयरे येणार आहेत. पाच सवाष्णी लावतील. तबिथानं मनातून आशीर्वाद द्यावा, देव मन बघतो. शेवटी पोरीच्या संसाराचा प्रश्न आहे.

बघा! देव मन बघतो, म्हणून हिनं मनातून द्यायचं. मग सवाष्णींनी का नाही मनातून द्यायचं? त्यांचं मन देवाला दिसत नाही का?

तबिथानं पदर सारखा केला आणि करंज्यांचे डबे आवरायला गेली.

हळदीचा दिवस. मांडवात आंब्याचे डहाळे, पाट मांडलेला, चांदीच्या वाटीत हळद. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, बायांनी गीत धरलं. तबिथा एका खांबाशी उभी होती. म्हणाली, लांबून बघेन तरी. आणि हाक आली. "तबिथा, जरा दूध बघ गं."

ती आत गेली. चुलीवर दूध नव्हतंच.

मंडळी, त्यांनी दूध ठेवायची तसदीसुद्धा घेतली नव्हती! इतकी सवय झाली होती. आणि ती बाई त्या मोकळ्या चुलीपाशी उभी राहिली. सवय तिलाही झाली होती.

बाहेर लेआक्कानं हळदीत बोट बुडवलं आणि शारोनच्या गालाकडं नेलं. शारोननं तिचं मनगट धरलं. पोर आईसारखीच गरीब, कधी वर मान करून बोलली नव्हती. सोयऱ्यांच्या बाया बघतायत, गीत अर्ध्यात थांबलं. शारोन आप्पांना म्हणाली, "आप्पा, परवा बाळाला आईच्या हातात कुणी दिलं?"

आप्पा म्हणाले, मी. दुसरं काय म्हणणार? सगळ्या गावानं बघितलं होतं.

"येशू म्हणून दिलं ना? मग त्या हातांची हळद का चालत नाही?"

आता ऐका हं. लहान लेकरांनो, तुम्हीही ऐका. देवळाच्या पंचानं, जन्मभर प्रार्थना सांगणाऱ्या माणसानं काय उत्तर दिलं! आवाज खाली घेऊन, समजूत काढल्यासारखं आप्पा म्हणाले, "बाळा, ते नाटक होतं."

ते नाटक होतं!

अरे, मग हुंदके कसले होते? आमेन कसलं होतं? अख्ख्या देवळासमोर नातू तिच्या ओंजळीत ठेवलास, तेही नाटक? मग ती रोजची चटई, ते बायबल, तो गार होणारा रस्सा — तेही नाटकच म्हण की! आणि खरं काय? ती चांदीची वाटी खरी? सवाष्णीचं बोट खरं? जे नदीत सोडलं म्हणून छाती ठोकत होतास, तेवढंच तुझ्या घरात खरं निघालं होय रे!

पाणी द्या जरा. हां.

स्वयंपाकघराच्या दारात तबिथा उभी होती. तिनं ऐकलं. दुधापाशी उभं राहणं तिनं सोसलं होतं, सगळ्यांच्या मागून जेवणं सोसलं होतं. पण वर्षातला तो एक दिवस होता ना तिचा! त्या एका वाक्यानं तोही काढून घेतला. ती चौकटीतूनच थोरल्या दिराला बोलली, आणि आवाज वर गेला नाही.

"दादा, तुमचं नाटक असेल. माझं नव्हतं."

एवढंच. आणि वळून आत गेली. मांडवात आली नाही. कशाला येईल? शारोन पाटावरून उठली, आईच्या मागं गेली आणि चुलीपुढं जमिनीवर मांडी घालून बसली. "लाव," म्हणाली. चांदीची वाटी तिकडं मांडवात. तबिथानं फडताळातून मिसळणाचा डबा काढला. रोज वरणात पडते ती हळद! तेलाच्या बुधलीतलं चार थेंब तेल घातलं, तळहातावर कालवली आणि लेकीच्या कपाळाला, गालांना, हातांना लावली. बोटांना पिठाचा वास होता. डोळे मिटून तीच जुनी प्रार्थना केली. देवा, आता हिला तूच बघ. या वेळी हुंदका द्यायला देऊळ नव्हतं. दोघींनीच रडून घेतलं.

मग पोर बाहेर येऊन पाटावर बसली. आता लावा, म्हणाली. सवाष्णींनी लावली, पण वरून! आधी आईची, मग बाकीच्यांची. सोयऱ्यांनी काय केलं? काही नाही. त्यांना जेवायची घाई होती! ज्यांच्या भीतीनं हे सगळं केलं, त्यांचं लक्ष करंज्यांवर होतं.

पुढचा नाताळ आला. आप्पांनी निरोप धाडला, नाटकाची तालीम आहे. तबिथानं उलटा निरोप धाडला. आता बघा, गरीब गाय बोलते तेव्हा कशी बोलते — "दादांना सांगा, यंदा हन्नाच्या कामाला एखादी सवाष्ण बघा."

एकही मिळाली नाही! कोण घेईल? पांढरं लुगडं नेसायचं, अपशकुन! नाताळच्या संध्याकाळी प्रवेश आला, शिमोनानं बाळ हातांवर घेतलं आणि शेजारी बघतो तर जागा मोकळी. बाळ रडायला लागलं. आप्पा उभे. दाढी एका कानावरून सुटलेली. त्या मोकळ्या जागेकडं तो माणूस किती वेळ बघत राहिला, आणि मग तसाच, दाढीसकट, पायऱ्या उतरून बायकांच्या बाकांकडं गेला. तबिथा सगळ्यांत मागं बसलेली. तिच्यापुढं उभा राहिला आणि म्हणाला, "घे." माफ कर म्हणाला का? छे! मोठ्या माणसांच्या घशात तो शब्द अडकतोच. तिनं बाळ घेतलं. आप्पांसाठी नव्हे हो! लेकरानं अजून मान धरली नव्हती, म्हणून.

तिनं घेतलं, म्हणजे तुम्ही सुटलात असं समजू नका!

उद्या सकाळी याच मांडवात नवरदेवाची हळद आहे. यजमानांनी मला शाल घातली, मोठ्या खुर्चीवर बसवलं. पण मी आलो तेव्हा पाण्याचा तांब्या त्या पडदा लावलेल्या दारातून पुढं आला. हात दिसला. हातात बांगडी नव्हती. तोंड काही दिसलं नाही. आख्यान सुरू झाल्यापासून मी त्या पडद्याकडं बघतोय. मघाशी पडदा हलला. यजमान, त्या बाई तुमच्या कोण? खाली बघू नका. नवरदेवाला न्हाऊमाखू कुणी घातलं, शाळेचा डबा कुणी दिला, ते मला गावात शिरतानाच कळलं आहे.

बर्णबाराव, हात आवरा. शेवटचं गीत राहिलंय, आशीर्वाद राहिलाय. देणार आहे. पण त्या बाई बाहेर येऊन इथं, नवरदेवाच्या शेजारी बसल्यावर. मला घाई नाही, मुक्कामाचाच आलोय.

आणि आतून कुणी सांगू नका की त्या दूध बघतायत. उठा यजमान. दूध तुम्ही बघा.