सावलीचे पक्षी

हसू नका, पण अंधेरीच्या त्या डिजिटल प्रदर्शनात मी खरंच घाबरले. ह्यांचं वर्षश्राद्ध झालं तशी मुक्ता म्हणाली, "आई, आता तरी घराबाहेर पड." म्हणून लेकीबरोबर गेले.

अंधाऱ्या खोलीत भिंतीवर आपली सावली पडायची. स्थिर उभं राहिलं की तिचे पक्षी होऊन उडून जायचे, हललं की सावली परत. मुक्ता उभी राहिली. आधी तिचे हात गेले, मग खांदे. मी तिचा दंड धरून खसकन ओढलं.

"काय गं आई, खेळ आहे तो. सगळे बघतायत."

"बघू देत. तू हल."

"आता तूच उभी राहा. भीती जाईल."

राहिले. मुक्ता मागे हसत होती. माझेही हात गेले, खांदे गेले. खरं सांगते, मला हलकं वाटत होतं. मागचं हसू मात्र थांबलं.

"आई, बस आता."

भिंतीवर फक्त डोकं उरलं होतं.

"आई, हल ना गं."

तिनं धरलेला माझा दंड घरापर्यंत सुटला नाही. रिक्षावाल्याला पैसेसुद्धा तिनं डाव्या हातानं दिले.