सांगू नका, दाखवा

अस्सलामु अलैकुम. आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कुआला लेराय रुग्णालयाचे संचालक डॉ. शुक्रीसाहेब, मेट्रन रोकियाहबाई, व्यासपीठावरचे मान्यवर, सत्कारमूर्ती झैनूनताई, पंख्याखालच्या खुर्च्या आधीच पटकावून बसलेले माझे सहकारी, आणि खुर्च्या न मिळाल्यामुळे मागे दाराशी उभे असलेले आमचे रुग्ण, आपणा सर्वांना माझा नम्र सलाम.

मी हस्लिंडा. ताईंच्या हाताखाली मधुमेह शिक्षिका म्हणून तयार झाले. आयोजकांचे आभार मानते. मधुमेह शिक्षिकेच्या निरोपाला टेबलाटेबलावर गुलाबी सरबताचे जग ठेवायची कल्पना ज्यांना सुचली, त्यांना ताई जाण्यापूर्वी एकदा गाठणार आहेत. त्यांनी तयारीत राहावं.

मंडळी, आमचं काम काय, असं विचारलं तर निम्मं रुग्णालय म्हणेल, ‘बसून गप्पा मारणं.’ जिन्यात भेटलं की ऐकवतातच, “तुमची मजा आहे बाई, ना रात्रपाळी, ना धावपळ!” मग वॉर्डात एक परिचारिका कमी पडली की कोणाला उचलायचं? गप्पा मारणारीला. लसीकरणाला कोण? तीच. तिच्या दाराशी सुई धरायला शिकायला आलेली म्हातारी बसलेली असते, तिच्या हातात माहितीपत्रक ठेवायचं आणि पळायचं. कापलेला पाय सगळ्यांना दिसतो हो. वाचलेल्या पायाचा फोटो कोण भिंतीवर लावतं?

ताईंची एक गोष्ट सांगते. देरामनकाका, हात वर करा पाहू! लाजताय काय? काकांची परवानगी घेतलेली आहे. त्या बदल्यात त्यांच्या जाळ्यातून निसटलेल्या एका माशाची कहाणी मला अर्धा तास ऐकावी लागली. ऐकता ऐकता मासा वाढतच गेला, ते सोडा.

तर काकांना इन्सुलिन सुरू झालं तेव्हा ताईंनी त्यांना शिकवलं, वेळेवर टोचा, नीट जेवा, औषध थंड ठेवा. काका होडी घेऊन दर्यावर गेले आणि ताईंना वॉर्डात पाठवलं गेलं, काही महिन्यांसाठी. इकडे काकांची साखर काही उतरेना. डॉक्टर विचारायचे, “टोचता ना?” काका म्हणायचे, “रोज.” “थंड ठेवता ना?” “एकदम थंड!” डॉक्टरांनी मात्रा वाढवली. पुढच्या खेपेला आणखी वाढवली. मी डॉक्टरांना बोल लावत नाही. दाराबाहेर बाजारपेठेपर्यंत रांग असताना त्यांनी तरी काय करावं?

नोव्हेंबरात दर्या खवळला, होड्या वाळूवर ओढल्या गेल्या, काका घरी बसले. आणि एका सकाळी चहाच्या टपरीवर घामानं डबडबून कलंडले. जीभ जड, माणसं ओळखेनात. साखर पार तळाला गेली होती. नशीब, घोट गिळण्याइतकी शुद्ध होती. त्यांच्या बायकोनं, यांगकाकूंनी, धावत येऊन शेजाऱ्याच्या पेल्यातला गोड दुधाचा चहा त्यांना पाजला, आणि मग इथे आणलं. ज्या गोड चहावर बंदी घालून ताईंनी नवराबायकोत भांडण लावून दिलं होतं, त्याच चहानं काका वाचले. काकू अजून ऐकवतात!

ताई त्या दिवशी वॉर्डातून हट्टानं सुटून आल्या. काकांना आमच्या खोलीत बसवलं आणि म्हणाल्या, “देरामन, सांगू नको, दाखव. ही खुर्ची तुझी होडी. चल, निघ दर्यावर.”

काकांनी आधी कुरकुर केली, “पोरं हसतील ना ताई.” मग रंगले. इंजिन सुरू केलं, जाळं टाकलं, ताईंवर आणि माझ्यावर खलाशी समजून खेकसले. सुई टोचली. आणि हातातलं इन्सुलिनचं पेन वाकून टेबलाखाली सरकवलं.

“ते काय केलंस?”

“बर्फात ठेवलं. मीठ मारलेला बर्फ आहे, ताई. दगडासारखा मासा होतो त्यात! तुमचं औषध टिकणार नाही होय?”

ताईंनी वाकून टेबलाखालचं पेन उचललं. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. काका इतके महिने नुसतं पाणी टोचून घेत होते, आणि आपण त्या पाण्याची मात्रा वाढवत होतो. घरच्या फ्रिजमधलं नवं औषध मात्र खरं निघालं, आणि त्या वाढीव मात्रेनं माणूस आडवा झाला.

“थंड ठेव, असं तुला मीच सांगितलं होतं ना रे?” ताईंनी विचारलं.

“तेच तर! आणि बायको म्हणते, देरामन कोणाचं ऐकत नाही!”

ताई हसल्या, आणि डोळे पुसत राहिल्या. मीही. माणूस आमचं न ऐकून नव्हे, अक्षरशः ऐकून मरायला टेकला होता. रांगेत उभ्या उभ्या ते कोणाला कळलं असतं? होडी दर्यावर जाऊन परत यायला वेळ लागतो, साहेब. दार लावून घ्यायला एक खोली लागते. आणि वॉर्डातून कोणी हाक मारणार नाही, अशी एक बाई लागते.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? साहेब, आपण आत्ताच भाषणात म्हणालात की झैनूनताई निवृत्त झाल्या तरी त्यांचं काम असंच चालू राहील. टाळ्या मीही वाजवल्या. पण काल आमच्या खोलीत सलाइनचे खोके रचले गेले आहेत, आणि शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपली की रविवारपासून मी स्त्रियांच्या वॉर्डात हजर व्हावं असा निरोप आहे. रविवारी सकाळी आमचे रुग्ण नेहमीसारखे येणार. मी त्यांना येऊ नका म्हटलेलं नाही. म्हणणारही नाही. दार बंद असेल तर बाहेर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसेन, आणि तीच आमची होडी.

ताई, तुम्ही मला साखर तपासायला शिकवलंत, जखम ओळखायला शिकवलंत. पण सगळ्यांत मोठी शिकवण त्या एका वाक्याची. ते आज मी तुमच्या साक्षीनं वापरते. साहेब, काम चालू राहील असं सांगू नका. दाखवा.

खोलीची किल्ली भांडाराच्या याझिदभाऊंकडे आहे. खोके उचलायला देरामनकाकांचे खलाशी बाहेर उभे आहेत. त्यांना मी केरोपोक, आपले माशाचे पापड, खाऊ घालायचं कबूल केलंय, तळलेले, पण आज तेवढं चालवून घ्या.

आपण मला बोलू दिलंत, शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. लहान तोंडी मोठा घास घेतला. कोणाचं मन दुखावलं असेल, मानपानात काही राहून गेलं असेल, तर धाकटी बहीण समजून पोटात घाला. वस्सलाम.

आणि साहेब, याझिदभाऊ उभे राहिलेत. ते तुमच्याकडेच बघताहेत.