शुक्रवारी काळज्या घेणारा वेल्डर

मी कुडाळकडचा. जन्मलो तेव्हा असा काय रडलो की पलीकडच्या वाडीतली गुरं दावी तोडून पळाली, असं आई सांगायची. आता तिनं सांगितलं म्हणजे खरंच असणार, आणि थोडंफार मलाही आठवतं. वेल्डिंग मामाकडे शिकलो आणि इकडे सौदीत हफ्र अल बातिनला आलो त्याला वीस वर्षं झाली. ऊन म्हणाल तर पहिल्याच वर्षी पत्र्यावर अंडं फोडलं, आतून भाजलेलं पिल्लू निघालं. हसू नका, खोलीतले पाचही जण साक्षीला आहेत.

पाचही कोकणातले, आणि प्रत्येकाला काळजी वेगळी. सुताराचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, कफिलाकडे, म्हणजे मालकाकडे, अडकलेला, कुणाची आई अंथरुणाला. मग दर शुक्रवारी मटण शिजलं की मी गाऱ्हाणं घालायचो, गावी देवापुढे घालतात तसंच, फक्त दार लावून, हळू आवाजात. म्हणजे माझा हळू. बा देवा म्हाराजा, ह्या सुताराचो कफील फोन उचलना नाय, त्येच्या उंटाक बुद्धी दी आणि उंटान त्येका लाथ घालून उठवूंदे! की सगळे म्हणणार, व्हय म्हाराजा! मग मी त्या सुताराला बजावायचो, ही काळजी आता माझ्याकडे, पुढच्या शुक्रवारपर्यंत तू तिला हात लावायचा नाहीस. काय सांगू तुम्हाला, कफील काही फोन उचलायचा नाही, पण सुतार पोटभर जेवायचा.

आणि गेल्या वर्षी माझ्याच उजव्या डोळ्यात धूर साचल्यागत झालं. वेल्डरचा डोळा गेला म्हणजे नोकरी गेली, धाकट्या लेकीचं नर्सिंगचं अजून वर्ष राहिलेलं. मी कुणाला बोललो नाही. कानानं वेल्डिंग करू लागलो! थट्टा नाही, आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाची ज्योत, नीट बसला की भजी तळल्यासारखा आवाज येतो, तो धरून चालायचो. चार महिने निभावलं. मग एक पाण्याची टाकी जोडली, भरली, तर जोडाजोडातून कारंजी. आमचा पंजाबी फोरमन म्हणाला, उस्ताद, ये टंकी है या छलनी? मी म्हटलं, रॉड खराब आहेत. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो. बरं, दुसऱ्यांदा.

त्या शुक्रवारी मला गाऱ्हाणंच सुचेना. तेव्हा खोलीतला सखाराम प्लंबर उठला. हा माणूस मीठसुद्धा खुणेनं मागतो. हात जोडून म्हणाला, बा देवा म्हाराजा, ह्येच्या डोळ्याक कायतरी झालाहा. ह्यो रोज चाय कपाच्या भायर ओतता. ह्येका डागदराकडे जावची बुद्धी दी. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. कुणी हसलं नाही. मी मात्र रडलो, आणि ह्या वेळी गुरंबिरं काही पळाली नाहीत.

दवाखान्यात साताऱ्याच्या डॉक्टरबाई होत्या. म्हणाल्या, काका, मोतीबिंदू आहे, काढता येतो, एवढ्यासाठी चार महिने झुरलात? दुसऱ्याची काळजी बोलून टाकली की हलकी होते हे मला ठाऊक, आणि स्वतःची मी बनियनच्या आत शिवून फिरत होतो.

डोळ्याचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं. पण बाई म्हणाल्या, सहा महिने आगीसमोर उभं राहायचं नाही, आणि कंपनी म्हणाली, सहा महिने कोण थांबतो, खलास. म्हणजे ज्याला भीत होतो तेच झालं बघा. धाकटी म्हणाली, बाबा, राहिलेल्या वर्षाचं मी बघते, तुम्ही या. झोप म्हणाल तर आता अशी लागते की फोरमन घोरणं ऐकून जनरेटर बंद करायला येतो.

पुढच्या आठवड्यात निघतो. बायको फोनवर म्हणाली, घरी बसून करणार काय? म्हटलं, तुझं तोंड बघणार, वीस वर्षं नुसतं घाईघाईत बघितलंय. ती म्हणाली, आता बघण्यासारखं काय उरलंय? म्हटलं, असेल ते दोन्ही डोळ्यांनी बघीन.