चौथ्या वर्षाला करतात काय?

चौथ्या वर्षाला करतात काय, एवढंच विचारलं हो मी. एवढंच! अख्ख्या जिल्ह्याला डिग्री तीन वर्षांत मिळाली, आमच्या बँकेतल्या मॅनेजरला तीन वर्षांत मिळाली, तलाठ्याला मिळाली, मग ह्या ऑनर्सवाल्यांनाच चार वर्षं कशाला लागतात, आणि त्या चौथ्या वर्षाला पोरं बसून करतात काय? ह्यात काय वाकडं विचारलं? पण तुम्हाला सांगतो, एका माणसानं धड उत्तर दिलं न्हाय. एकानं!

पहिल्यांदा विचारलं आमच्या अनूला. अनुजा, माझी धाकटी बहीण. मी सातवी नापास, गडहिंग्लजला मोटारसायकलींचं गॅरेज हाय माझं, आणि ही बारावीला तालुक्यात झळकलेली. कट्ट्यावर बसून मोबाईलवर फॉर्म भरत होती. म्हटलं, ऑनर्स म्हंजे काय गं? म्हणाली, चार वर्षांची डिग्री. म्हटलं, चौथ्या वर्षाला करतात काय? तर अशी बघितली माझ्याकडं... गाडीत रॉकेल घातलं तर चालंल काय असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाकडं मी बघतो न्हवं, तशी. आणि म्हणाली, "दादा, निवड झाली की कॉलेज बघायला बोलवतात. तू चल त्या दिवशी, तिथं सांगते."

तिथं सांगते म्हणाली. आणि त्याच्या आधीच गेली.

डेंग्यू. आठ दिवसांत. त्या ऑनर्सची परीक्षा होती कोल्हापूरला, मीच नेली मोटारसायकलवरून. पाठीला भट्टी टेकल्यागत लागत होतं, मला वाटलं मे महिना हाय, ऊन हाय, आणि वर तिलाच म्हणालो, "जरा मागं सरक की, घाम फुटलाय मला." सरकली. गप सरकली, कडी धरून बसली. दोन दिवसांचा ताप होता अंगात, पण सांगितलं न्हाय, कारण सांगितलं असतं तर मी गाडीच काढली नसती हे तिला पक्कं ठाऊक! पेपर लिहिला, येताना माझ्या पैशानं उसाचा रस प्याली, आणि आठ दिवसांनी... जाऊ दे. जूनमध्ये यादी लागली. चाळीस पोरांत पहिली. आता तुम्ही म्हणाल, सम्राट, तू हे रागानं विचारतोयस. मग! रागानंच विचारतोय. असं काय सोनं ठेवलंय त्या चौथ्या वर्षाला, की पोरगीनं अंगातला ताप लपवून जावं? करतात काय तिथं?

बरं, तेवढ्यावर संपतंय व्हय! अनूची जोडीदारीण शिवांजली, पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या दोघी. ती वेटिंगला पहिली. म्हंजे चाळीसातलं एक कोणतरी सुटलं की हिचा नंबर. आता चाळीसातलं कोण सुटलंय हे अख्ख्या गल्लीला ठाऊक, पण बोलणार कोण? तिचा बाप रुद्रय्यामामा, किराणा दुकानवाला, आमच्या घरी आला आणि दोन तास बसला. म्हशीवर बोलला. हिरण्यकेशीच्या पाण्यावर बोलला. आमच्या पत्र्याला कुठं गळती हाय ते बघून त्याच्यावर बोलला. आणि जाताना दारात चप्पल चाचपडत आईला म्हणाला, "अक्का, जागा सोडतोय म्हणून घरच्या माणसानं तिथं येऊन लिहून द्यावं लागतंय म्हणं." आईच्या आधी मी बोललो. काय बोललो ते चार माणसांत सांगण्यासारखं न्हाय. मामा खाली मान घालून ऐकून घेऊन गेला, एक चप्पल त्याची आणि एक आमच्या आण्णांची घालून.

सकाळी बघतो तर आईनं माझा पांढरा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावलेला. म्हणाली, "ती तुला दाखवणार होती न्हवं? मग बघून ये जा. लिहून द्यायचं का न्हाय ते तिथं ठरव." मी पण ठरवलं. विचारायचं, चौथ्या वर्षाला करतात काय? उत्तर पटलं तर लिहून देतो. न्हाय पटलं तर एका कागदाला हात लावणार न्हाय, जागा पडू दे रिकामी चार वर्षं!

पहिल्या एसटीनं निघालो, मी, मामा आणि शिवांजली. पोरगी खिडकीला बसली आणि शेजारी पिशवी ठेवून जागा धरली. सवय हो. गाडी भरत आली, माणसं उभी राहिली, कोणतरी म्हातारी म्हणाली, कोण येणार हाय का इथं? कागल आलं तेव्हा तिनं पिशवी मांडीवर घेतली. मी तिकडं बघितलंच न्हाय. मी कंडक्टरला विचारत होतो, मास्तर, ऑनर्सच्या चौथ्या वर्षाला करतात काय ओ? तो म्हणाला, पावणं, तुम्हाला उतरायचंय कुठं तेवढं सांगा.

आता ते विद्यापीठ. नाव घेत न्हाय मी, उगंच कशाला. हायवेला, नवं, सगळी काचच काच, चिमणीनं धडकून मरावं अशी. गेटवर एक पोरगं, राजवर्धन म्हणून, टी-शर्टावर छापलेलं, 'मला काहीही विचारा'. म्हटलं चला, काम झालं. विचारलं. त्यानं केस मागं केले आणि सुरू, "सर, इट्स लाइक, रिसर्च ओरिएंटेड एक्स्पोजर असतं, होलिस्टिक, मग कॅपस्टोन असतो..." मला सर म्हणाला, बोटात ग्रीस दिसत असताना! म्हटलं, बाळा, मराठीत सांग, करतात काय? तर हळूच म्हणतोय, "सर, हे टी-शर्ट आम्हाला कालच दिलंय."

पुढं टेबल. टेबलावर गळ्यात घालायची कार्डं, नंबरानं मांडलेली. आणि पहिलंच कार्ड, पहिलीच आलती न्हवं, पहिलंच कार्ड... अनुजा आकाराम. ठळक अक्षरात, खाली एक नंबर. वाट बघत पडल्यागत. आता तुम्ही मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? मला एवढंच कळलं की ते कार्ड संध्याकाळी कोणतरी कचऱ्यात टाकणार. उचललं आणि गळ्यात घातलं. मामा म्हणाला, "बेडा, तम्मा, बेडा." त्याची बोली हो, नको भावा, नको, म्हणत होता. पण आता घातलं ते घातलं. शिवांजलीच्या गळ्यात 'प्रतीक्षा १'. दोघं चाललो.

आणि मजा सांगतो, एका माणसानं विचारलं न्हाय! एवढ्या मिशा माझ्या, छातीवर अनुजा, आणि समोरचा वाचतोय, माझ्या तोंडाकडं बघतोय, परत वाचतोय आणि म्हणतोय, "वेलकम, अनुजा." शिकलेली माणसं लई सभ्य, मर्दा. आमच्या एसटी स्टँडावर असं फिरलो असतो तर पाच मिनिटांत दहा जणांनी खांद्यावर हात टाकून विचारलं असतं, काय झालंय रं तुला? तसं कोणतरी विचारावं म्हणून का असंना, मी दिवसभर छाती पुढं काढून हिंडलो. न्हाय विचारलं.

लायब्ररी दाखवली. विचारलं तिथल्या बाईंना, चौथ्या वर्षाला करतात काय? त्यांनी ओठावर बोट ठेवलं. प्रयोगशाळा दाखवली, तिथला माणूस म्हणाला, माझ्याकडं पहिल्या वर्षाचंच असतं. मेस दाखवली, तिथं मामानं आचाऱ्याला धरलं, की अंड्याची पळी आणि भाजीची पळी वेगळी हाय का, आणि भाजीची दाखवा बघू मला, हातात द्या. पोरांच्या बसायच्या खोलीत त्या ढोलगट पिशव्या असतात बघा, थर्माकोलच्या दाण्यांच्या, मामा आपली खुर्ची समजून बसला आणि असा आत गेला की टोपी तेवढी वर! दोघांनी ओढला तेव्हा निघाला. शिवांजली हसली. महिन्या-दीड महिन्यात पहिल्यांदा हसताना बघितलं मी तिला, आणि हसता हसता शेजारी बघितलं तिनं, दुसरं कोणतरी हसत असंल म्हणून. शेजारी मी. मिशा, आणि छातीवर अनुजा. तिथंच हसू बंद.

मग सगळ्यांना गोल बसवलं. एक मॅडम, गोड बोलणाऱ्या, साडीवर जाकीट. म्हणाल्या, ओळख करून घेऊ, प्रत्येकानं सांगायचं, चार वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठं बघता? झालं. एक पोरगं जर्मनीत बघतंय. एक पोरगी कलेक्टर ऑफिसात बघतीय. आणि फिरत फिरत माझ्याकडं. मॅडमनी कार्ड वाचलं, हसल्या आणि म्हणाल्या, "हं, अनुजा, तुम्ही कुठे बघता स्वतःला?"

तुम्हाला सांगतो, त्या बाईची काय चूक न्हवती. पण माझं डोकं फिरलं ते फिरलंच. उभा राहिलो. म्हटलं, अनुजा कुठंच बघत न्हाय. अनुजा मेली. तुमच्या परीक्षेला अंगात ताप घेऊन आलती, माझ्या मागं बसून आलती, मी तिला मागं सरक म्हटलं. तुमच्या यादीत पहिली हाय ती. मी तिचा भाऊ, मला जर्मनी नको, कलेक्टर नको. मला फक्त सांगा, चौथ्या वर्षाला करतात काय? सकाळपासून विचारतोय, दोन महिन्यांपासून विचारतोय, करतात काय?

मॅडमच्या हातात रंगीत पुस्तक होतं, त्यात असणार सगळं, त्यांनी ते उघडलं. मिटलं. मग माझ्यासमोर येऊन खालीच बसल्या आणि म्हणाल्या, "खरं सांगू? मलाही नक्की माहीत नाही. आमची पहिलीच तुकडी आत्ता तिसऱ्या वर्षाला आहे. चौथ्या वर्षापर्यंत अजून कुणी पोचलेलंच नाही."

घ्या! काचेची बिल्डिंग हाय, टी-शर्ट हाय, पळ्या वेगळ्या हायत, आणि चौथ्या वर्षाला कोण गेलेलंच न्हाय! म्हंजे जिथं अजून एक माणूस पोचला न्हाय तिथं जायला आमची पोरगी... आणि मी मूर्ख, गावभर विचारत सुटलोय. सांगणार कोण होतं? अनू तरी काय सांगणार होती? 'तिथं सांगते' म्हणाली, म्हंजे तिलाबी ठाऊक न्हवतं! हसावं का टाळकं फोडावं कळंना. ताडताड बाहेर आलो, जिन्यात बसलो. मामा आला, त्यानं पिशवीतली पाण्याची बाटली पुढं केली. म्हटलं, मामा, चला घरी, ह्यांचं ह्यांनाच ठाऊक न्हाय. मामा तर तयारच, त्याला पोरगी एकटी पाठवायचीच न्हवती. दोघी असतील म्हणून हो म्हणाला होता तो, आणि आमच्या दारात आलता तो पोरीच्या हट्टापायी.

तेवढ्यात शिवांजली आली आणि दोन पायऱ्या खाली उभी राहिली. म्हटलं, आता ही पण म्हणणार, दादा, मी शिकते आणि येऊन सांगते. असलं एक ऐकून झालं होतं माझं. तोंड उघडलं तर ओरडणारच होतो तिच्यावर.

ती म्हणाली, "दादा, मला ताप आला तर मी सांगीन."

बस. एवढंच बोलली. मामानं टोपी काढली, परत घातली. मी बाटली त्याच्या हातात दिली आणि विचारलं, ती लिहून द्यायची खिडकी कुठं हाय?

खिडकीत एक साहेब. कागद दिला छापलेला. जागा सोडण्याचं कारण, एकावर खूण करा. दुसरीकडे प्रवेश घेतला. आर्थिक अडचण. घरापासून अंतर लांब. अभ्यासक्रम आवडला नाही. आवडला नाही! तापात आलती ओ साहेब ती, आणि मी लिहू, आवडला न्हाय? साहेब म्हणाले, शेवटी 'इतर' आहे बघा, त्यापुढे लिहा, थोडक्यात. अठरा वर्षांची पोरगी, थोडक्यात. आणि स्वतःच्या हातानं लिहा म्हणाले. आता माझे आजवरचे सगळे अर्ज अनूनं लिहिलेले! लायसनचा तिनं, गॅरेजच्या मीटरचा तिनं, 'आज गॅरेज बंद आहे' हा बोर्डसुद्धा तिनं. शिवांजली म्हणाली, दादा, मी लिहू? म्हटलं, न्हाय. मागं लाईन लागली, कोणतरी म्हणालं, पावणं, उरका की. म्हटलं, थांबा, सातवी नापास हाय, लागतंय वेळ.

लिहिलं. 'पहिली आली होती.'

साहेबांनी वाचलं. म्हणाले, अहो, हे कारण होत नाही. म्हटलं, साहेब, दुसरं कारण मला कोणी सांगितलेलंच न्हाय. त्यांनी चष्म्यावरून माझ्या गळ्यातलं कार्ड बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि शिक्का मारला. म्हणाले, कार्ड इथं जमा करा. म्हटलं, हरवलं. छातीवर लोंबत असताना म्हटलं! सभ्य माणूस, बरं म्हणाला.

राहिली सही. ती पण अनूनंच शिकवलेली, लांबलचक, शेवटी एक वेलांटी मारायची. छोटा चौकोन होता, माझी सही त्यात काय मावंना, शेजारच्या 'फक्त कार्यालयासाठी' मध्ये गेली. साहेब म्हणाले, अहो, तिथं आमचं लिहायचं असतं! म्हटलं, असू दे आता, तिचा एकच अर्ज लिहिलाय मी. आणि वेलांटी मारली.