कुणाची साडी कुणाच्या अंगावर

देवा तुझ्या दारी । उघडा मी आलो ।
तुझेच मी ल्यालो । कृपावस्त्र ॥

शिमोनराव, पेटी जरा हळू! सूर गोड आहे, पण शब्द बुडाले तर माझी भाकरी बुडाली.

तर मंडळी, आज प्रश्न कपड्यांचा आहे. हसू नका! आज सकाळी तुम्ही सगळ्यांनी कपाट उघडलंत की नाही? ही नको, ती काढ – तिला मागच्या रविवारी सगळ्यांनी पाहिलंय – असं झालं की नाही? पुरुषांनो, तुम्ही कशाला हसता? तुमच्या सदऱ्याला इस्त्री कुणी केली ते मला ठाऊक आहे! चर्चला यायला आपण इतका विचार करतो. मग एक दिवस खुद्द देवापुढं उभं राहायचंय – तिथं काय घालून जाणार?

आपल्या आदिपित्याची गोष्ट ठाऊक आहे ना? पाप केलं, लाज वाटली, बसला पानं शिवत! चालली का ती पानं देवाला? नाही चालली. देवानं स्वतः कपडे करून त्याला घातले. म्हणजे जगातला पहिला शिंपी कोण? देव! आता मला सांगा – आपण शिवलेलं तिथं चालत नाही, तर अंगावर असावं कुणाचं?

बरं. मग ऐका.

निंबखडी नावाचं एक गाव. ओढ्याच्या अलीकडं आपली ख्रिस्ती वस्ती, मधोमध दगडी चर्च. त्या वस्तीत एक रीत होती. मुलगी लग्नात पांढरी साडी नेसायची, ती त्या दिवशी नेसली तेवढीच. दुसऱ्या दिवशी धुऊन, कडुनिंबाचा पाला घालून, पत्र्याच्या पेटीत ठेवायची. ती साडी पुन्हा अंगावर यायची ती मेल्यावर! का? तर ख्रिस्ती मंडळी, म्हणजे सगळं चर्च, ही प्रभूची वधू. बाई मेली म्हणजे वरापुढं चालली. मग वधूनं लग्नाच्याच साडीत जायला नको का?

मला तर ही रीत फार गोड वाटते. पण माणसाचा स्वभाव बघा – गोड दिसलं की मुंगळा आलाच!

ईस्टरच्या आदल्या शनिवारी सगळ्या बायका आपापल्या साड्यांना ऊन दाखवायच्या. चर्चच्या आवारात दोऱ्या बांधायच्या आणि त्यांवर पांढऱ्याशुभ्र साड्या. ओळखायच्या कशा? जिच्या तिच्या टोकाला रंगीत दोऱ्याची गाठ. या सगळ्या कारभाराची मुकादमीण कोण? आमची सालूमावशी. सालोमीबाई ठोंबरे. नवरा चर्चची घंटा वाजवायचा, तो वारला. एकदाच दिवस गेले होते, ते मूल जन्मताच गेलं. त्यानंतर बाईनं जीव लावला तो चर्चला आणि त्या साडीला. काय साडी होती! डाग नाही, चुणी नाही. मावशी बायकांना सांगायची, "बघा गं बायांनो. अशी ठेवायची असती. प्रभूम्होरं जायचंय, बाजाराला न्हाई."

आणि दोरीच्या अगदी शेवटच्या टोकाला असायची दिनाबाई खरात. तिची साडी घडी घातलेलीच! घडीच्या घडी दोरीवर टाकायची, तीच घडी संध्याकाळी उचलायची. बायका म्हणायच्या, आळशी आहे. सालूमावशी काहीच म्हणायची नाही. कारण सालूमावशी तिच्याशी बोलतच नव्हती!

का? तर तरुणपणी दिनाचा नवरा अंथरुणाला खिळला, पोरं उपाशी. दिनानं घरामागं हातभट्टी लावली. चूक होती, मंडळी, मी चूकच म्हणतो. सालूनं धूर पाहिला आणि सरळ चर्चच्या वडीलमंडळापुढं जाऊन उभी राहिली. "प्रभूच्या मेजावर आन् दारूचे हात?" झालं! दिनाला प्रभुभोजनापासून दूर ठेवलं – मेजावरची भाकर तिला बंद! पुढं तिनं पश्चात्ताप केला, तिला परत घेतलं. पण सालूमावशीनं काही तिला परत घेतलं नाही. देवानं माफ केलं तरी आपण बघून ठरवणार – असं आपलं असतं ना? कुणाकडं बघताय? मी तुमच्याबद्दलच बोलतोय!

एका वर्षी काय झालं – शनिवारी दुपारी वावटळ आली. अशी आली की दोऱ्या तुटल्या, साड्या भुईवर, एक तर बोरीच्या झुडपावर! बायकांची पळापळ. सालूमावशी मधे उभी राहिली सेनापतीसारखी. सगळ्या गोळा केल्या, धूळ झटकली, सुटलेल्यांच्या घड्या घातल्या आणि वाटायला लागली. "ही तुझी, ही तुझी, ही घे." दिनाबाई त्या दिवसांत आजारी, कशीबशी आली होती. ती शेवटी हात पुढं करून उभी. मावशीनं काय करावं? तोंड ओढ्याकडं फिरवलं आणि हाताला लागली ती घडी तिच्याकडं भिरकावली. ना गाठ पाहिली, ना तोंड पाहिलं. उरली ती आपली म्हणून उचलली, तीही न बघता.

सोमवारी दिनाबाई वारली. पेटीतली साडी नेसवली, माती दिली, सगळं रीतीनं झालं.

आठवडा उलटला. सालूमावशी पाला बदलायला पेटी उघडते – आणि बसलीच! साडीला पदरच नाही! आधी वाटलं, उंदीर. पण उंदीर कधी सरळ रेषेत खातो का? ही तर कात्री. मग टोकाची गाठ पाहिली. तिची गाठ लाल. ही हिरवी.

दिनाची साडी! मग आपली कुठंय?

अगं बाई – आपली मातीत!

मावशीचं डोकं गरगरलं. माझी साडी नेसून ती वर गेली? तिथं दार उघडणारा दूत काय म्हणेल? या सालोमीबाई, या! आणि उद्या मी जाईन ही थोटी साडी नेसून, तर मला म्हणतील, भट्टीवाली दिना का तू? थांब तिकडं! मंडळी, तुम्हाला हसू येतंय, पण त्या बाईच्या डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं. जन्मभर एकच गोष्ट जपली होती तिनं.

तशीच निघाली पाळकसाहेबांकडं. नवे होते ते, तरुण. चहा पीत होते.

"पाळकसाहेब, कबर उघडा."

चहा सदऱ्यावर! "कुणाची, मावशी?"

"दिनाची. तिच्या अंगावर माझी साडी हाय."

सगळं ऐकून पाळकसाहेब म्हणाले, "मावशी, देव कपडे बघत नाही. देव अंतःकरण बघतो."

"मंग तुमी रविवारी त्यो पांढरा झगा कशापायी घालता?"

पाळकसाहेबांनी एकदा खुंटीवरच्या झग्याकडं पाहिलं, एकदा बशीकडं. म्हणाले, "मी वडीलमंडळाला विचारतो." आपल्यात ज्याला उत्तर माहीत नसतं तो वडीलमंडळाला विचारतो!

मावशी बाहेर पडली. जावं कुणाकडं? तिला वाटलं, साडी नेसवली कुणी त्यालाच विचारावं. वस्तीत मेलेल्या बाईला नेसवायचं काम रिबकाकाकूचं, आणि जन्मणाऱ्या मुलाला धरायचंही तिचंच. फार म्हातारी. मावशीनं ती साडी तिच्यापुढं टाकली.

"काकू, दिनाला नेसवताना गाठ न्हाई बघितली?"

रिबकाकाकूनं साडी उलगडली. कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. आणि मंडळी, ती रडायला नाही लागली – ती चिडली!

"म्हंजी चमत्कार न्हवता तर!"

"कसला चमत्कार?"

"आगं, मला ठावं हुतं दिनाच्या साडीला पदर न्हाई. नेसवताना उलगडती तर काय – पदर हाय! सबंध! म्या तिथंच गुडघं टेकलं. म्हनलं, देवा, तू जोडलास व्हय! कुनाला बोलले न्हाई, दिनाला वचन दिलं हुतं म्हनून. आन् तू आता म्हनतीस, ती तुजी साडी?"

सालूमावशीला काही उमजेना. "पदर कापला कुनी? वचन कसलं?"

काकू साडीची घडी घालायला लागली.

"सांग की!"

"तुज्या लेकरासाटनं कापला," काकू म्हणाली.

मंडळी, जरा थांबतो. पाणी प्यायला नाही – तुम्हीही थांबा.

काकू सांगायला लागली. "तू शुद्धीवर न्हवतीस. लेकरू गेलेलं. त्याला गुंडाळायला पांढरं कापड पाहिजेल आन् तुमच्या घरात सगळी काळी-निळी लुगडी. म्या म्हनलं, पेटीतल्या साडीचा तुकडा काडा. तुजी सासू आडवी आली. म्हनली, लगनाच्या साडीला कात्री लावायची न्हाई, सुनंचं काय बरंवाईट झालं तर तिला लागंल. जुनेर फाडा. दिना दारात उभी हुती, आत कोन घेतंय तिला? भट्टीचं परकरन तवा ताजंच. ती पळत गेली आन् कापड घिऊन आली. म्हनली, काकू, सालूला सांगू नगं. तिला कळलं तर लेकराच्या अंगावरनं काडून टाकील."

"मी टाकलं असतं?" मावशीनं विचारलं.

रिबकाकाकू म्हातारी होती, पण खोटं बोलणारी नव्हती. ती म्हणाली, "टाकलं असतंस."

आता सांगा, सालूमावशीनं काय करावं? माफी मागावी तर कुणाची? ती तर गेली! रागवावं तर कुणावर? आपली साडी अखंड राहिली याचा जन्मभर तोरा मिरवला – आणि ती अखंड का राहिली? तर दुसरीनं आपली कापली म्हणून! ज्या बाईला तिनं प्रभूच्या मेजावरून उठवलं, त्याच बाईच्या पदरात तिचं बाळ देवाघरी गेलं. मावशीला घरी जायची वाटसुद्धा आठवेना. ती कबरस्थानात गेली, दिनाच्या ताज्या मातीपाशी बसली, आणि तोंडातून काय निघालं? माफी नाही निघाली. "सांगायचं तरी हुतंस गं!" – एवढंच. आणि मग जी रडली!

तिथून पुन्हा पाळकसाहेबांकडं. ते बिचारे वडीलमंडळाला बोलवायच्या तयारीत.

"ऱ्हाऊ द्या. कबर उघडायची न्हाई."

"का हो मावशी?"

"असू द्या तिच्या अंगावर." मग दारापर्यंत जाऊन वळली, "पाळकसाहेब, माजी साडी नेसून दिना तितं उबी ऱ्हायली, तर प्रभू तिला वळखील का?"

"ओळखील, मावशी."

"आन् मला? तिच्या साडीत?"

पाळकसाहेब शिकलेले होते, बायबलची वचनं तोंडपाठ होती. पण त्यांनी एकही वचन सांगितलं नाही. त्यांनी मावशीसाठी खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाले, "मावशी, आपल्या स्वतःच्या कपड्यात तिथं कुणीच आत जात नाही. मी हे दर रविवारी सांगतो. आज मला वाटतंय, मला ते कळलं नव्हतं."

पुढच्या वर्षी ईस्टरचा शनिवार आला. दोऱ्या बांधल्या. सालूमावशी आली, आणि तिनं ती साडी मधल्या दोरीवर सबंध उलगडून घातली – कापलेली कड रस्त्याकडं! बायका जमल्या. "अगं मावशे, कुणी कापली? पदर कुठाय?" मग मावशीनं सगळं सांगितलं. धूर कुणी पाहिला, तोंड कुणी फिरवलं, सगळं. वडीलमंडळ ऐकत होतं तरी थांबली नाही. शेवटी म्हणाली, "मी मेल्यावर मला हीच नेसवायची."

एक पोक्त बाई म्हणाली, "मावशे, डोईवर पदर यायचा न्हाई. उघड्या डोक्यानं जाशील प्रभूम्होरं?"

"जाईन," मावशी म्हणाली. "पदर म्होरं गेलाय माजा. लेकरू घिऊन गेलंय."

मंडळी, त्या बाईनं ती कापलेली कड हातानं सरळ केली.

पुढं मावशी वारली, तिला तीच साडी नेसवली. डोकं उघडं राहिलं. तिथं तिला कोण भेटलं, काय बोलणं झालं – मला माहीत नाही, आणि मला माहीत आहे असं मी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण एक माहीत आहे. आपला प्रभू क्रुसावर टांगला होता तेव्हा खाली त्याच्या कपड्यांची वाटणी चालली होती. तो उघडा राहिला. का? तुम्हाला-मला पांघरायला!

आणि आपण? आपण इथं बसलोय परीटघडीचे! माझ्या घराण्याला डाग नाही, माझ्या मुलीचं सगळं रीतीनं झालं, मी कधी कुणाच्या दारात गेलो नाही. बरोबर! पण कुणाचं कापलं गेलं म्हणून तुमचं अखंड राहिलं, हे कधी विचारलंत? कुणी शिक्षण सोडलं म्हणून तुम्ही शिकलात? कुणी मुकाट ऐकून घेतलं म्हणून तुमच्या घराचं नाव राहिलं? ती बाई, तो भाऊ, ती जाऊ – आज कुठं आहे? बोलता का तिच्याशी?

प्रभुभोजनाची भाकर मेजावर मांडली आहे. मी प्रार्थना करणार आहे, पण आत्ता नाही. ज्याच्याकडं तुम्ही तोंड फिरवलंय, तो माणूस याच छपराखाली बसला असेल तर उठा आणि त्याच्या तोंडाकडं बघा. घरी असेल तर घरी जा. भाकर थांबेल. सालूमावशीला माफी मागायला उरलं नव्हतं कुणी – तुमचं माणूस अजून जिवंत आहे.

उठा!