‘चिमी गप होते’

बोईसर स्टेशनबाहेर चिंचणीच्या शेअर रिक्षात उन्नती बसली, तर शेजारच्या काकांच्या मांडीवर जुना कॉम्प्युटर आणि काकूंच्या मांडीवर नवा. जणू जुळी बाळं डॉक्टरला दाखवून आणली होती.

“सगली गानी आली ना नव्यात?” काकूंनी विचारलं.

“आली. पन कुठल्या गान्याला कोन काय करतं, तसे लावलेले माजे खाने मोडून दुकानदारानं सगली ए बी सी डीनं लावली. ‘म्हातारी उठते’ नाय, ‘मामा पडतो’ नाय. आज हलदीला काय वाजवू?”

“मामाला गानं लागत नाय. तो तसाबी पडतो.”

“आनी ‘चिमी गप होते’?”

“त्याच्यात तर आपल्या होडीच्या इंजिनाचा आवाज होता.”

“म्हनूनच. गानं नाय म्हनून त्यानं घेतलंच नाय. आनी जुना आता चालूच होत नाय.”

“आवो, इंजिन ऐकून झोपायची तवा चिमी दोन वर्सांची होती. आता नवरी हाय ती.”

“उद्या पाठवनीला रडंल, तवा काय लावू? होडी तर विकली.”

ड्रायव्हरने रिक्षा चालू केली.

“भाऊ, थांबा. उभ्या उभ्या जरा रेस द्या.”

“का मावशी?”

“पोर सासरी चाललीय. आवो, तुमी मोबाइल काढा, भरून घ्या.”

“नलू, ह्यो होडीचा आवाज नाय.”

“रडताना कोन बगतंय? द्या भाऊ, रेस.”

रिक्षा जागच्या जागी थरथरू लागली. तेवढ्यात उन्नतीचा फोन वाजला. तिने घाईघाईने तो बंद केला.

“मधी फोन वाजला,” ड्रायव्हर म्हणाला. “काका, परत पहिल्यापासून घेऊ.”